मागच्या सीटवरचा हिवाळा

शनिवारी सकाळी पावणेआठ वाजले की आमचे हे खिडकीपाशी जाऊन उभे राहतात आणि बातम्या देतात. "झाडं बघ कशी वाकतायत," म्हणतात. मला झाडं दिसत नाहीत हे त्यांना चांगलं ठाऊक आहे, पण पस्तीस वर्षांच्या संसारात 'बघ' म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य कधी सुरूच झालेलं नाही. पाच मिनिटांनी पुढची बातमी येते, "आज काही ती येत नाही बघ." आणि बरोबर आठ वाजता फाटकाशी सायकलची घंटी वाजते.

ती म्हणजे माझी पुढची. मी तिची मागची. आमची जोडसायकल आहे. दोन सीट, दोन हँडलं, चार पेडलं, चाकं मात्र दोनच. पुढं ती बसते कारण तिला दिसतं. मागं मी बसते कारण मला उजेड आणि अंधार यांपलीकडे फारसं काही कळत नाही. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत ब्रिस्टलच्या आभाळातून जे काही खाली येतं, ते सगळं अंगावर घेत आम्ही दोघी दर शनिवारी बाहेर पडतो, आणि मला ते अतोनात आवडतं. हे आधीच सांगून टाकते, कारण लोकांना वाटतं मी हे तब्येतीसाठी करते, नाहीतर मन रमवायला. तब्येत गेली खड्ड्यात. मला मजा येते म्हणून मी जाते.

डोळे जायच्या आधी मी अठरा वर्षं इथल्या एका शाळेत गणित शिकवलं आणि अठरा वर्षं सायकलनंच शाळेत गेले. इथली आपली मंडळी दिवाळीच्या कार्यक्रमात भेटली की विचारायची, "अजून ड्रायव्हिंग टेस्ट नाही दिलीत?" मी म्हणायचे, दिली नाही आणि देणारही नाही. मग काचबिंदूनं नजर कडेकडेनं खायला सुरुवात केली. डॉक्टर सायकल सोडा म्हणत होते, मी ऐकत नव्हते. शेवटी एका सकाळी रस्त्याच्या कडेला लावलेल्या व्हॅनवर जाऊन आदळले. व्हॅन पांढरी होती, खोलीएवढी होती आणि जागेवरून तसूभर हललेली नव्हती. त्या दिवशी कानाला खडा लावला. सायकल देऊन टाकली. वर्षभरात शाळाही सुटली, आणि मी घरातली नाजूक वस्तू झाले.

नाजूक वस्तूला सगळे जपून हाताळतात. ह्यांनी माझं कोपर धरलं ते धरलंच. दुकानातली बाई मला सोडून ह्यांना विचारायची, "त्यांना पिशवी हवी आहे का?" जन्मभर माझ्याशी भांडत आलेली माझी धाकटी बहीणसुद्धा पुण्याहून फोनवर 'तू म्हणशील तसं' म्हणायला लागली. नजर जाताना मी रडले नव्हते. त्या फोननंतर रडले.

न दिसणाऱ्यांना जोडसायकलवर नेणारा एक ग्रुप आहे, हे मला काठी वापरायला शिकवणाऱ्या बाईंकडून कळलं. पुढं बसणाऱ्याला तिथं पायलट म्हणतात. माझ्या वाट्याला आलेली पायलट बत्तीस वर्षांची निघाली. जन्म इथलाच, आईवडील साताऱ्याकडचे, आणि नोकरी विमानाचे पंख बनवणाऱ्या कारखान्यात, इंजिनिअरची. माझं आडनाव ऐकताच तिनं मराठी सुरू केलं. तिच्या मराठीत नदी तो असतो आणि पूल ती असते, पण बोलायची हौस दांडगी.

पहिल्या दिवशी मी मनसोक्त उंटावरून शेळ्या हाकल्या. गिअर बदल, एवढी कडेला जाऊ नकोस, ब्रेक लाव. मी पाय थांबवले की तिचेही थांबायचे, कारण दोघींची पेडलं साखळीनं एकमेकांना बांधलेली. वळण आलंय असं वाटलं की मी माझं हँडल जीव खाऊन वळवायचे. अर्ध्या तासानं तिनं सायकल कडेला घेतली.

"काकू, एक सांगू का? तुमचा हँडल फिरत नाही. तो फक्त पकडायला आहे. तुम्ही इतका फोर्स लावताय ना, तो तुटेल, पण टर्न नाही होणार."

"मग मी करायचं काय?"

"पेडल मारा. मी सांगते ते ऐका. स्टिअरिंग माझा डिपार्टमेंट, ओके?"

मला राग आला. तीस पोरांचा वर्ग एका नजरेनं गप्प करणारी बाई मी! पण पुढच्या उतारावर तिनं "लेफ्ट, थ्री, टू, वन" म्हटलं, आम्ही दोघी एकदम डावीकडे झुकलो, आणि पोटात जो गोळा आला तो मी वीस वर्षांची असतानाचा होता. रागाला बसायला जागाच उरली नाही.

ऑक्टोबर संपला की ग्रुप आखडतो. पायलट सगळे हौसेनं येणारे, आणि हौस थंडीत पातळ होते. ज्याचा पायलट टिकला त्याचा हिवाळा टिकला, बाकीच्यांनी मार्चपर्यंत घरी बसायचं. मी भीत भीत माझ्या पुढचीला विचारलं, तुझं काय?

"मी तर येणार. विंटरमध्ये पाथ एम्प्टी असते, काकू. आपल्या दोघींचाच."

आणि ती आली. जोडसायकल तिच्याच शेडमध्ये असते, त्यामुळे तिकडून आमच्या दारापर्यंत ती रिकाम्या मागच्या सीटसकट एकटीच चालवत येते. मग आमची एक ठरलेली रीत. ती दोन्ही पाय टेकून सायकल धरते. मी चढते, पाय पेडलांवर ठेवते आणि तिच्या पाठीवर दोनदा थाप मारते. दोन थापा म्हणजे मी तयार. थापा पडल्याशिवाय ती निघत नाही आणि थापा पडल्यावर थांबत नाही.

आमचा रस्ता म्हणजे ब्रिस्टलहून बाथकडे जाणारी जुन्या रेल्वेची वाट. रूळ कधीच गेले, आता तिथं सायकली चालतात. पहिला पाऊण मैल मी स्वतःला शिव्या देते. गार पाणी मानेवरून आत शिरतं, गुडघे कुरकुरतात, नाक वाहतं ते वाहतंच. मग मांड्या तापतात, आणि तिथून पुढं मला कुणी घरी चल म्हटलं तर मी भांडेन. टायरखाली काय आहे ते पेडलांतून तळपायाला कळतं. ओलं डांबर गुळगुळीत जातं, कुजलेला पाला मऊ लागतो, वाळू करकरते. बोगदा यायच्या आधी त्याचा वास येतो, ओल्या विटांचा. आत शिरलं की पाऊस एकदम बंद, आणि छतावरून ठिबकणारे थेंब तेवढे मोजून हेल्मेटवर पडतात. तिथं ती नेहमी घंटी वाजवते, गरज नसताना, केवळ मला आवाज आवडतो म्हणून. बोगद्याबाहेर पडताना पाऊस पुन्हा तोंडावर येतो आणि आम्ही दोघी ओरडतो.

सगळा वारा आणि सगळा पाऊस आधी तिला लागतो. माझ्यापर्यंत येतो तो तिच्या खांद्यांवरून उरलेला. कधी तक्रार नाही. अर्ध्या वाटेवर वाफेच्या इंजिनाचं जुनं स्टेशन आहे, तिथं आम्ही चहाला थांबतो. एकदा मी डबा पुढं केला तर ती वडी उचलेना. बोटंच वळत नव्हती तिची. मी हात हातात घेतला तर लाकूड. "थांबायचं का आपण थोडे दिवस?" मी विचारलं. "कशाला? वॉर्म होतात ते. बोटं आहेत, थंडीत डेड व्हायला बॅटरी नाही," म्हणाली आणि मला वडी भरवायला लावली.

आणि ती सांगते. सांगावं तर तिनं. बंप आहे, गेट आहे, कुत्रा आहे, मोकळा आहे, ही सगळी कामाची माहिती झाली. पण त्याशिवाय, "काकू, एक ग्रे पक्षी उभा आहे पाण्यात. लांब पाय. फुल बोअर झालेला, मीटिंगमध्ये बसलेल्या अंकलसारखा." बगळा मी आयुष्यात शेकडो पाहिलेत. इतका स्पष्ट एकही आठवत नाही. तिला कुणी हे शिकवलेलं नाही. तिच्या तोडक्या मराठीत मला जेवढा हिवाळा दिसला तेवढा धडधाकट डोळ्यांनी अठरा वर्षांत दिसला नव्हता, कारण तेव्हा मी शाळेची घंटा गाठायच्या घाईत असायचे. मला तिचं कौतुक वाटायचं, वाटतं, आणि मी ते तिच्या तोंडावर कधी बोलले नव्हते.

जानेवारीत, संक्रांत नुकतीच झाली होती, तेव्हाची गोष्ट. चहा झाला होता, नदीवरचा पूल ओलांडून आम्ही थोड्या पुढं आलो होतो. पाऊस तिरपा, वारा पाठीमागून. तिला तोच बगळा दिसला म्हणून तिनं सायकल थांबवली आणि आम्ही दोघी उतरून उभ्या राहिलो. वर्णन झालं. मी पुन्हा चढले, पाय ठेवले, तिच्या पाठीवर दोन थापा मारल्या. तेवढ्यात माझा हातमोजा मांडीवरून घसरून खाली पडला.

'थांब, मोजा पडला' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ती उतरली असती, सायकल कडेला लावली असती, वाकून मोजा उचलला असता आणि माझ्या हातात चढवला असता. माझा मी उचलेन, असं मनात आलं. ती जॅकेटची चेन लावत होती. मी बसल्या जागी पाच-सात वेळा हलतेच, तेव्हा सायकल हलली याचं तिला काही वाटलं नसणार. मी हळूच उतरले, वाकले, चिखलात हात फिरवला. आणि टायरचा आवाज ऐकू आला, माझ्यापासून दूर जाणारा.

मी हाक मारली. वारा तिच्याच दिशेनं होता, पण तिच्या कानांवर टोपी, वर हेल्मेट, आणि ती स्वतः बोलत होती. मला ऐकू येत होतं. "काकू, तो उडाला! किती स्लो उडतो बघा!" असं ती मला, म्हणजे माझ्या रिकाम्या सीटला, सांगत निघून गेली.

मी घाबरले. सरळच सांगते. काठी सायकलच्या पिशवीत, फोन सायकलच्या पिशवीत. वाकताना मी अर्धी वळले होते, त्यामुळे नदी कुठल्या बाजूला ते कळेना, पाऊस चारी बाजूंनी सारखाच वाजत होता. एक सायकलवाला "ऑन युअर राइट!" ओरडत अंगावरून गेला. मी बाजूला झाले तर पायाखाली उतार लागला. तिथंच खाली बसले, ओल्या गवताला धरून, आणि मोठमोठ्यानं हाका मारल्या. इंग्रजी आठवलंच नाही. त्या ओसाड वाटेवर मी "अगं ए! अगं ए!" करत होते.

दहा मिनिटं झाली असतील. लांबून घंटी ऐकू आली, सतत वाजणारी, थांबतच नव्हती. ती आली, सायकल टाकलीच तिनं, धाडकन, आणि मला मिठी मारली. ती रडत होती.

"मला वाटलं तुम्ही मागे आहात. इतका लाइट वाटत होता ना, मी म्हटलं, आज काकू फॉर्ममध्ये आहेत!"

यावर मला हसू आलं. म्हणजे मी नसताना मी सगळ्यात चांगली सायकल चालवते! पण ती हसली नाही. "मी टॅप चेक नाही केला. आय थॉट तुम्ही टॅप केला, मला आठवत नाही. माझी चूक आहे, काकू. नदी इथेच आहे. आय ॲम सो सॉरी."

आणि मी काय म्हणाले? मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "असू दे गं. होतं असं कधी कधी."

माझ्या चुकीबद्दल मी तिला मोठ्या मनानं माफ करून टाकलं.

घरी पोचल्यावर तिनं ह्यांना सगळं सांगितलं, स्वतःवर ठपका घेऊन. मी शेजारी उभी होते, अंगावरून पाणी ठिबकत होतं, आणि तोंड बंद होतं. खरं सांगायचं तर हे काय म्हणतील ते मला पाठ होतं: हिला एक मिनिट मोकळं सोडायची सोय नाही. मग शनिवार गेला असता. म्हणून गप्प बसले, आणि शनिवार तसाही गेला. सोमवारी तिचा निरोप आला. "काकू, मी सेफ पायलट नाहीये. मी ग्रुपला सांगितलं. मार्चमध्ये तुम्हाला दुसरा कोणी मिळेल. प्लीज डोन्ट बी अँग्री."

हे म्हणाले, "चला, सुंठीवाचून खोकला गेला. नाहीतरी थंडीच आहे." त्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं, म्हणजे मी भांडले आणि ते हो हो म्हणाले. तिला फोन केला. नको काकू, म्हणाली. मी पुन्हा तेच, अगं होतं असं. चोराच्या मनात चांदणं असतं, माझ्या तर दुपारचं ऊन होतं, तरी खरं ओठांवर येईना.

दोन शनिवार गेले. दोन्ही वेळा मी सहाला उठले, जाड मोजे चढवले आणि पायरीवर बसून राहिले. पावसाला वास नव्हता. तो नुसता काचेवर वाजत होता. ह्यांनी आलं घालून चहा केला, खिडकीपाशी गेलेच नाहीत. तेवढं त्यांनाही कळलं असावं.

त्या दुसऱ्या रविवारी हे मटार सोलत होते. मी म्हटलं, "थापा मी मारल्या होत्या."

"कसल्या?"

"दोन थापा. रीतसर. मग मोजा पडला, आणि मी न सांगता उतरले. तिनं काहीच चूक केली नाही."

मटार थांबले. "हे तिला सांगितलंस?"

"नाही."

"आणि ती पोर तिकडे स्वतःला खात बसलीय." ते उठले. "कोट घाल."

बसनं वीस मिनिटं. ती दारात आली तेव्हा तिच्या आवाजात ती नेहमीची उडी नव्हती. आत बसलो. मी पाण्याचा घोटही न घेता सगळं सांगितलं, मोज्यापासून माफीपर्यंत, मध्ये श्वास न घेता, नाहीतर धीर झाला नसता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तुम्ही टॅप केला होता? तुम्हाला माहीत होतं? दोन वीक्स? दोन वीक्स मी झोपले नाही! मी रोज तो पाथ डोक्यात बघते, रोज तुम्ही नदीत पडता! आणि तुम्ही मला म्हणता, होतं असं? होत नाही असं! हाउ डेअर यू, काकू! एक रूल आहे आपला. एक! टॅप म्हणजे टॅप!"

तिचा आवाज चढत गेला, भिंतीवर आदळायला लागला. ह्यांना राहवेना. "अगं बाळ, जरा सांभाळून घे. तिला दिसत नाही ना."

"दिसत नाही, काका. बोलता येतो ना? 'मी उतरते', दोन वर्ड्स! त्याला काय डोळे लागतात?"

माझे कान गरम झाले होते, शरमेनं, आणि छातीत काहीतरी इतकं मोकळं होत होतं की मला भीती वाटली, आपण आता हसणार आणि सगळं बिघडवणार. माझ्यावर कोणी ओरडत होतं. पूर्ण ताकदीनं, काही हातचं न राखता, चूक केलेल्या धडधाकट माणसावर ओरडतात तसं.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"हो. चुकला."

"पुन्हा नाही होणार."

ती नाक शिंकरत होती. बराच वेळ शिंकरलं तिनं.

"सॅटर्डेचा फोरकास्ट बघितला मी," ती शेवटी म्हणाली. अजून चिडलेलीच. "हॉरिबल आहे. स्लीट आहे, बर्फवाला पाऊस. आणि विंड समोरून, जाताना पूर्ण."

"मग आठला नको," मी म्हटलं. "साडेसातला ये."